ओहोटीच्या वेळी या

मा. अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
महाराष्ट्र सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण,
मुंबई

सादर नमस्कार.

मी ट्रॉम्बे कोळीवाड्यातली. चेंबूरच्या एका शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झाले. हे पत्र चिखलाबद्दल आहे. शिवडी-माहुलपासून वर ऐरोली-विटाव्यापर्यंत, पाणी ओसरलं की जो उघडा पडतो आणि भरती आली की दिसेनासा होतो, त्या चिखलाबद्दल. तिवरांसाठी, म्हणजे खारफुटीसाठी, तुमच्याकडे अर्ज येतात, लोक न्यायालयात जातात, आणि ते योग्यच आहे. चिखलाची बाजू मांडायला फारसं कुणी येत नाही, म्हणून मी लिहायला बसले.

ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य 2015 साली जाहीर झालं तेव्हा त्याचं क्षेत्र 1,690 हेक्टर सांगितलं गेलं. त्यात तिवरं 896 हेक्टर आणि पाणी 794 हेक्टर. हा हिशेब मी अनेकदा वाचला आणि प्रत्येक वेळी वाटलं, की आमची आई ज्यात उभी राहून आम्हाला वाढवत होती, ती जागा यात कुठे आहे? चिखल त्या पाण्यातच धरलेला आहे. त्याला स्वतःचा आकडा नाही.

आई निवट्या, म्हणजे चिखलात बिळं करून राहणारे छोटे मासे, धरायची. लुगड्याचा काष्टा घट्ट मारून, कमरेला टोपली बांधून ती ओहोटीबरोबर आत जायची आणि पाणी वळलं की परतायची. चिखलात पाय गुडघ्यापर्यंत जातो. रुतलेला पाय सरळ वर ओढायचा नाही, आधी टाच जरा फिरवून हवा आत जाऊ द्यायची, मग काढायचा, हे मी अक्षरं शिकायच्या आधी शिकले. निवटीच्या बिळाला एकाहून जास्त तोंडं असतात. आई एका तोंडावर टाच दाबायची आणि दुसऱ्यात कोपरापर्यंत हात घालायची. बाहेर आलेल्या हातात डोळे वर काढलेली, अंगभर निळसर ठिपक्यांची वळवळती निवटी असायची. परतताना कधी शिंपल्या, कधी खडकावरची कालवं, एखादी चिंबोरी. शाळेच्या फीचे पैसे त्यातूनच आले.

आणखी एक गोष्ट ती दाखवायची. पाणी पुरतं उतरलं, वारा पडला, की चिखल तडतडतो. तव्यावर मोहरी टाकल्यावर जसा आवाज येतो तसा, पण फार बारीक आणि लांबपर्यंत पसरलेला. आई म्हणायची, ऐक, चिखल बोलतोय. जिथे बोलत नाही तिथे ती टोपली घेऊन जात नसे.

आता कायद्याकडे येते. किनारा नियमनाच्या 2011 च्या अधिसूचनेत आणि नंतर 2019 च्या अधिसूचनेतही चिखलाला सगळ्यात कडक संरक्षणाचा दर्जा दिलेला आहे. त्या कडक वर्गाला सीआरझेड-1 अ म्हणतात. त्यात तिवरं आहेत, प्रवाळ आहेत, कासवांच्या विणीच्या जागा आहेत आणि चिखलही आहे. पण चिखलाच्या मागे दोन शब्द लावलेले आहेत: 'जैविकदृष्ट्या सक्रिय'. तिवर हे तिवर असलं की पुरे. चिखलाला मात्र आधी आपण जिवंत आहोत हे सिद्ध करावं लागतं. ते कुणी, कधी, कुठल्या महिन्यात, कुठल्या वेळेला तपासायचं, यावर सगळं येऊन ठरतं. माझं सगळं म्हणणं या दोन शब्दांपाशी आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या बाजूच्या एका कामासाठी पाहणी करायला पथक आलं होतं. कुणाचं आणि कशासाठी ते इथे लिहीत नाही. माझी तक्रार त्या एका पथकापुरती नाही. माणसं सभ्य होती. आली दुपारी साडेबाराला, आणि त्या दिवशी पौर्णिमा होती. बांधावर उभं राहून त्यांनी फोटो काढले, एकाने बाटलीत पाणी भरून घेतलं. मी त्यांना म्हटलं, साहेब, सहा तासांनी या, तेव्हा दिसेल. ते म्हणाले, बाई, आम्हाला अजून दोन ठिकाणं करायची आहेत. पुढे त्यांचा अहवाल वाचायला मिळाला. आमच्या किनाऱ्याबद्दल त्यात एवढंच होतं: पाणी उथळ आणि गढूळ, उल्लेखनीय जीवसृष्टी आढळली नाही. ज्या जागेवर आईचं अर्धं आयुष्य गेलं, त्या जागेबद्दल हे वाक्य वाचून मी त्या रात्री जेवले नाही.

यात एक साधी गोष्ट आहे, ती कोळीवाड्यात शेंबड्या पोरालाही कळते, पण कागदावर कुठे येत नाही. मुंबईत पौर्णिमेला आणि अमावास्येला, म्हणजे उधाणाच्या दिवशी, भरती दुपारी बाराच्या आसपास येते आणि ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला लागते. त्या दिवसांत पाणी चार-साडेचार मीटर वर-खाली होतं आणि चिखल सर्वांत लांबपर्यंत उघडा पडतो. अष्टमीच्या सुमाराला भांग असतो, म्हणजे पाण्याचा चढ-उतार सगळ्यात कमी. तेव्हा ओहोटी दुपारी येते खरी, पण पाणी पुरतं उतरतच नाही. म्हणजे दहा ते सहा या वेळेत येणाऱ्या माणसाला वर्षभर फेऱ्या मारूनही चिखलाचा खालचा पट्टा दिसायचा नाही. तो कामचुकार असतो असं नाही. त्याची वेळ चंद्राशी जुळत नाही.

माझी मुलगी हॅम्बुर्गला असते. पहिल्यांदा तिच्याकडे गेले तेव्हा तिने विचारलं, आई, कुठे जायचं? मी म्हटलं, समुद्रावर. तिने मला कुक्सहाफेनला नेलं. तिथून ओहोटीला चिखलावरून चालत नॉयवेर्क नावाच्या बेटावर जाता येतं, सुमारे 10 किलोमीटर. ऑगस्ट होता, तरी वारा अंगाला झोंबत होता. समोर पाहिलं आणि मी जागेवरच थांबले. डोळा पोचेल तिथपर्यंत ओला, राखाडी, चमकता चिखल. वाटेत ठिकठिकाणी उंच खांब आणि त्यांच्यावर पिंजऱ्यासारखे मचाण. कुणाला पाण्याने गाठलंच तर वर चढून बसायला.

या समुद्राला वाडन समुद्र म्हणतात. नेदरलँड्स, जर्मनी आणि डेन्मार्क या तीन देशांच्या किनाऱ्याला लागून तो सुमारे 500 किलोमीटर पसरला आहे. समशीतोष्ण पट्ट्यातला, थंड आणि अतिशय उथळ समुद्र. बाहेरच्या बाजूला वाळूच्या बेटांची माळ आणि त्या माळेच्या आत दिवसातून दोनदा भरणारं आणि दोनदा रितं होणारं पाणी. ओहोटीला तिथे सुमारे साडेचार हजार चौरस किलोमीटर तळ उघडा पडतो. आपल्यासारखी झाडं त्या थंडीत चिखलात उगवत नाहीत. काठाला खारं गवत आहे आणि वाळूच्या दांड्यांवर सील पहुडलेले असतात. हिवाळ्यात चिखल गोठतो. भरती आपल्यापेक्षा कमी उंचीची. एवढा सगळा फरक असूनही मला तिथे पाय ठेवल्यावर परकं वाटलं नाही, पाय कसा काढायचा हे माहीत होतं.

आमच्या गटाला चालवणाऱ्या बाईंनी वाटेत एके ठिकाणी सगळ्यांना गप्प उभं केलं. म्हणाल्या, एक मिनिट कुणी हलू नका. आणि मला तो आवाज आला. तीच तडतड. मी मुलीचा हात धरला. बाईंनी खाली वाकून बोटभर चिखल उचलला आणि त्यातला तांदळाएवढा एक जीव दाखवला. कोलंबीचाच लांबचा भाऊबंद म्हणायचा. तो बिळाच्या तोंडाशी येऊन आपल्या मिशा फाकवतो, तेव्हा मिशांमधला पाण्याचा पडदा फुटतो. असे असंख्य जीव एकाच वेळी हे करतात, त्याचा तो आवाज. आमच्या खाडीत आवाज करणारे जीव वेगळे असतील, बोटभर कोलंब्या असतील, खेकडे असतील. पण आईची खूण खरी होती. जिथे आवाज आहे तिथे खाणं आहे.

मग त्यांनी काट्याने चिखल उकरला. बोटाएवढा जाड, काळपट तांबडा एक किडा निघाला. हे समुद्रातलं गांडूळच. वाळू गिळायची, तिच्यातलं अन्न ठेवून घ्यायचं आणि उरलेली वाळू शेवेच्या वेटोळ्यासारखी वर टाकायची, हेच त्याचं आयुष्य. ती वेटोळी सगळीकडे दिसत होती. या गांडुळांच्या पोटातून तिथल्या तळाचा वरचा काही इंचांचा थर वर्षाकाठी एकदा फिरून निघतो. म्हणजे तो समुद्र दर वर्षी नांगरला जातो. चिखलावर तांबूस-सोनेरी साय दिसते, ती सूक्ष्म शेवाळाची. डोळ्यांना न दिसणारे हे डायटम एक चिकट पदार्थ सोडतात आणि त्याने चिखलाचे कण एकमेकांना धरून राहतात. साय मेली तर लाट तो चिखल उचलून नेते. हीच साय आपल्याही खाडीत आहे. नेरुळ किंवा भांडुपच्या बाजूला सकाळच्या तिरक्या उन्हात बघा, दुधावर धरलेल्या सायीसारखी दिसते.

या सायीवर आणि किड्यांवर वाडन समुद्रात दर वर्षी एक कोटीहून अधिक पक्षी थांबतात. आर्क्टिककडून आफ्रिकेकडे जाताना आणि परत येताना. त्यात नॉट नावाचा एक पक्षी आहे. त्याच्या चोचीच्या टोकाला दाब ओळखणारी इंद्रियं असतात. ओल्या वाळूत चोच खुपसली की आतली शिंपली डोळ्यांनी न दिसता त्याला कळते, आणि ती तो अख्खी गिळून पोटात फोडतो. आईचा हात बिळात जायचा तेव्हा तिचे डोळे दुसरीकडेच असायचे, ते मला तिथे आठवलं.

आता ऐका, यात आपला काय संबंध. सायबेरियाच्या टुंड्रात कर्ल्यू सँडपायपर नावाचा छोटा पक्षी अंडी घालतो. त्यातले काही वाडन समुद्रावरून आफ्रिकेला जातात आणि काही मध्य आशियावरून आपल्याकडे, शिवडीला आणि ठाण्याच्या खाडीत येतात. एकाच माळावर वाढलेली पिल्लं. एकाला जो चिखल मिळतो तो जागतिक वारसा आहे, 2009 पासून. दुसऱ्याला मिळतो त्याच्याबद्दल आपण अहवालात 'उल्लेखनीय काही नाही' असं लिहितो.

तिथल्या लोकांना हे आधीपासून कळत होतं असं मात्र कुणी समजू नये. त्यांनीही चिखलाला पडीक जमीनच मानलं. शतकानुशतकं बांध घालून भराव केले. 1932 मध्ये डच लोकांनी 32 किलोमीटरचा बांध घालून झॉइडरझे ही सगळी खाडी समुद्रापासून तोडली. 1969 मध्ये आणखी एक खाडी बंद केली. पुढे उरलेल्या वाडन समुद्राचीही शेतजमीन करायच्या योजना होत्या. 1965 मध्ये सोळा वर्षांच्या एका शाळकरी मुलाने हे थांबवा म्हणून वर्तमानपत्रात पत्र लिहिलं आणि त्यातून समुद्र वाचवणाऱ्यांची संघटना उभी राहिली. 1974 मध्ये सरकारने नेमलेल्या समितीनेही भराव नको असंच सांगितलं. मी शिक्षिका आहे. त्या मुलाचं पत्र कुणीतरी वाचलं, याचं मला फार वाटतं.

त्यांची चूक तिथे संपली नाही. 1990 च्या सुमारास डच बाजूच्या चिखलातून शिंपल्यांचे थरच्या थर यंत्राने खरवडून नेले जात होते. दर वर्षी परवाना मिळे, कारण नुकसान होतं हे कुणी पक्कं सिद्ध करू शकत नव्हतं. 1999-2000 च्या हिवाळ्यात तिथे हजारो आयडर बदकं मेली, त्यांना खायला शिंपले उरले नव्हते. मग प्रकरण युरोपीय न्यायालयात गेलं. 7 सप्टेंबर 2004 रोजी न्यायालयाने जे सांगितलं ते तुम्ही कृपया दोनदा वाचा. संरक्षित जागेला बाधा पोचणार नाही, याबद्दल वैज्ञानिकदृष्ट्या वाजवी शंका उरली नसेल, तरच परवानगी देता येईल. म्हणजे चिखलाने आपण मेलो हे दाखवायची गरज नाही, यंत्रवाल्याने आपण मारणार नाही हे दाखवायचं. 2005 पासून तिथे यंत्राने कॉकल जातीचे शिंपले काढणं बंद आहे. हाताने वेचणाऱ्यांना मात्र आजही परवाने मिळतात.

ही शेवटची ओळ मी मुद्दाम लिहिली. चिखल वाचवायचा म्हणजे कोळणीला तिथून हाकलायचं, असा अर्थ आपल्याकडे फार लवकर काढला जातो.

आणखी एक गोष्ट, जरा दक्षिणेची, ऑस्टरस्केल्डे खाडीची. 1953 च्या फेब्रुवारीत समुद्र बांध फोडून आत आला आणि नेदरलँड्समध्ये 1,836 माणसं गेली. सरकारने ठरवलं, खाड्यांची तोंडं कायमची बंद करायची. एवढी माणसं गेल्यावर या निर्णयाला विरोध करायला धाडस लागतं. तिथल्या मच्छीमारांनी आणि निसर्गप्रेमींनी ते केलं. म्हणाले, रक्षण करा, पण भरती-ओहोटी तोडू नका. शेवटी 1986 मध्ये 62 दारांचा अडसर उभा राहिला. दारं एरवी उघडी असतात आणि वादळातच बंद होतात. खर्च कितीतरी वाढला. आणि एवढं करूनही, खांबांमुळे पाण्याचा वेग कमी झाल्याने तिथले चिखलाचे आणि वाळूचे पट्टे हळूहळू झिजत चालले आहेत. पाणी खालच्या खोल वाटांकडे वाळू नेतं, वर परत आणून टाकायला त्याच्यात जोर उरत नाही. उघडा अडसरही फुकट पडत नाही, हे ते लोक आता कबूल करतात.

वरळीच्या आमच्या भाऊबंदांनी हेच सांगितलं होतं. किनारी रस्त्याच्या पुलाच्या दोन खांबांत 60 मीटर अंतर ठेवून बोटी कशा जातील, म्हणून ते लढले आणि अंतर 120 मीटर झालं. तिथे प्रश्न बोटीचा होता म्हणून तो सगळ्यांना दिसला. चिखलावरून जाणारं पाणी मंदावलं तर बोट अडकत नाही, फोटो निघत नाही. काही वर्षांत एवढंच होतं, की निवटी मिळत नाही.

आपल्या खाडीचे स्वतःचे आजार आहेत, ते मी नाकारत नाही. शहराचं मैलापाणी येतं, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांचं पाणी वर्षानुवर्षं आलं. आईला शेवटच्या काही वर्षांत हाताला खाज सुटायची, चिखलाला रॉकेलसारखा वास यायचा. महापालिका आता सात ठिकाणी मैलाशुद्धीकरणाची नवी केंद्रं बांधते आहे, ती लवकर होवोत. फ्लेमिंगोंची गुलाबी रांग बघून लोक म्हणतात खाडी छान आहे. तसं नाही. छोटा फ्लेमिंगो सूक्ष्म शेवाळ गाळून खातो, आणि सांडपाण्यातल्या खतावर शेवाळ भरपूर माजतं. फ्लेमिंगो असणं म्हणजे खाडी निरोगी असणं नव्हे. शिंपल्या काय म्हणतात, किडे किती आहेत, ते चिखलात हात घालून बघावं लागतं.

तिवरांबद्दलही एक अवघड गोष्ट सांगायची आहे. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 पासून तिवरांना आधार दिला, 2018 च्या निकालात त्यांचा नाश हा जगण्याच्या हक्कावर घाला आहे असं म्हटलं. त्यामुळे तिवरं वाचली आणि त्याचा मला अभिमान आहे. पण एकीकडे तोडलेल्या तिवरांच्या बदल्यात दुसरीकडे लावायची म्हणून उघड्या चिखलात रोपं खोचली जातात. खाडीत गाळ भरतोय तशी तिवरं आपणहूनही चिखलावर पसरत आहेत. तिवरांच्या मुळांत निवटी राहील, खेकडा राहील, पण मोकळ्या चिखलावर चरणारा पक्षी तिथे उतरत नाही. त्याला चारी बाजूंचं दिसावं लागतं. झाड उपग्रहाच्या फोटोत हिरवं दिसतं, मोजता येतं, चिखल त्या फोटोत कधी पाणी असतो, कधी जमीन. एका जिवाची भरपाई म्हणून दुसऱ्याचं घर देणं थांबवा.

आणि मिठागरं. ओहोटीला पक्षी चिखलात चरतात. भरती आली की त्यांना पाय टेकायला कोरडी, मोकळी जागा लागते. भांडुप-कांजूरमार्गची मिठागरं, उरणच्या पाणथळ जागा, नेरुळची तळी, ही त्यांची बसायची ठिकाणं. वाडन समुद्रात पक्ष्यांची गणना भरतीलाच करतात, कारण तेव्हा ते अशा जागी एकत्र येतात, आणि त्यातल्या अनेक जागांजवळ माणसाला जायला मनाई असते. चिखल हे त्यांचं स्वयंपाकघर आणि मिठागर हे माजघर. आपण सुमारे 256 एकर मिठागरांची जमीन घरांसाठी द्यायला मंजुरी दिली. माणसांना घरं हवीतच, मी स्वतः दहा बाय बाराच्या खोलीत वाढले आहे. पण त्या जमिनीचा विचार करताना समोरचा चिखल कुणी त्याच फाइलमध्ये ठेवला होता का? माजघर पाडल्यावर स्वयंपाकघर शाबूत ठेवून काय उपयोग?

वाडन समुद्र तीन देशांचा आहे. त्यांची भाषा वेगळी, कायदे वेगळे, आणि दुसऱ्या महायुद्धातली वैरं जुनी झालेली नव्हती, तरी 1978 पासून ते एका टेबलाशी बसतात. 1988 मध्ये साथ येऊन तिथले निम्म्याहून अधिक सील मेले, तेव्हा सील कुणाच्या हद्दीत मेला यावर वाद न घालता त्यांनी एकत्र करार केला. आजही तिन्ही देश ठरवून विमानातून सील मोजतात. आपली खाडी एकाच राज्यात आहे, सगळे मराठी बोलतात. तरी ती मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई महापालिका, बंदर, वनविभाग, मीठ विभाग यांच्यात वाटली गेली आहे आणि पाणी मात्र सहा-सहा तासांनी सगळ्यांच्या हद्दी ओलांडतं. 2022 मध्ये ठाण्याची खाडी रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेली, सुमारे 6,500 हेक्टर. त्या सहा-साडेसहा हजार हेक्टरांसाठी सगळ्यांना एकत्र बसवणारं एक कायमचं टेबल तुमच्या प्राधिकरणात मांडता येईल.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातला प्रत्येक चिखल जिवंत आहे असं आधी धरून चाला, आणि नाही असं ज्याला म्हणायचं असेल त्याने ते सिद्ध करावं, उधाणाच्या ओहोटीला, पावसाळ्याच्या आधी, पावसाळ्यानंतर आणि थंडीत, चिखल खणून, चाळून, मोजून. अहवालातल्या प्रत्येक फोटोखाली तिथी, वेळ आणि त्या वेळची पाण्याची उंची लिहिलेली असावी. एवढी एक ओळ सक्तीची केलीत, तरी अर्धे अहवाल आपोआप बदलतील. किनाऱ्याच्या नकाशात चिखलाला स्वतःचा रंग द्या, आणि पक्षी भरतीला जिथे बसतात त्या जागा त्याच रंगाने जोडून दाखवा. उघड्या चिखलावर भरपाईची तिवरं लावू देऊ नका. आणि पाहणीला जाल तेव्हा चिखलात उतरणाऱ्या एका तरी बाईला मजुरी देऊन सोबत न्या, तिची सही अहवालावर घ्या. ती अंगठा उठवत असेल तर अंगठा घ्या.

आई जाऊन अकरा वर्षं झाली. माझी मावसबहीण अजून चिखलात उतरते, आता तिच्याबरोबर दोघीच उरल्या आहेत. पौर्णिमा किंवा अमावास्या झाली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सकाळी सात-साडेसातला पाणी पुरतं खाली गेलेलं असतं आणि चांगला उजेडही असतो. पावसाळा सोडून कुठल्याही महिन्यात या. ट्रॉम्ब्याच्या जेट्टीवर मी उभी असेन. चपला वरच काढाव्या लागतील आणि कपडे जुने घाला. पहिली काही मिनिटं कुणी बोलू नका, मोबाइल बंद ठेवा. नंतर आमच्याकडे चहा घेऊन जा. पाय धुवायला ओट्यावर बादली भरून ठेवते.

आपली,
ट्रॉम्बे कोळीवाड्यातली एक निवृत्त शिक्षिका